वाटेवरचं आणि आडवाटेचं: मध्य प्रदेश समजून घेताना

१. नेमकं बघायचं तरी काय?

राजस्थान म्हटलं की वाळूतला किल्ला आठवतो, केरळ म्हटलं की माडांखालचं संथ पाणी. मध्य प्रदेश म्हटलं की काय आठवतं? दहा जणांना विचारा, दहा उत्तरं येतील. कुणी महाकालाच्या भस्मारतीचं नाव घेईल, कुणी कान्हाच्या वाघाचं, कुणी इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाण्याचं. खजुराहोचं नाव निघालं की कुणीतरी उगाच हसेल. सहल ठरवायला बसावं तर आणखी पंचाईत. मुंबईहून इंदूर जितकं लांब, जवळजवळ तितकंच इंदूरहून खजुराहो. चार दिवसांत काय काय बसवणार?

हा राज्याच्या आकाराचा दोष नाही. मध्य प्रदेशाचं क्षेत्रफळ ३,०८,२५२ चौरस किलोमीटर आणि महाराष्ट्राचं ३,०७,७१३. फरक धड एका तालुक्याचाही नाही. तरीही महाराष्ट्राचं एक चित्र मनात उभं राहतं आणि मध्य प्रदेशाचं राहत नाही.

याचं उत्तर इथल्या वाटांमध्ये आहे. उत्तर हिंदुस्थानातून दख्खनेत उतरायचं तर याच भूमीतून उतरावं लागे. व्यापारी, भिक्खू, फौजा, यात्रेकरू सगळे इथूनच गेले. जी ठिकाणं या वाटेवर होती, तिथे पैसा आला आणि बांधकामं उभी राहिली. पण वाटेवर असणं हे टिकण्याच्या दृष्टीने फार चांगलं नसतं. तिथे लूट होते, जुनं पाडून नवं बांधलं जातं, घडवलेले दगड पळवले जातात. म्हणून टिकलं ते बहुतेक आडवाटेला पडलेलं, किंवा वाट सरकल्यामुळे मागे राहिलेलं. मध्य प्रदेशातलं कुठलंही ठिकाण बघताना दोन प्रश्न विचारायचे: इथे हे का बांधलं? आणि ते आजवर का राहिलं?

२. माडी, जिना आणि अंगण

आधी जमीन समजून घेऊ. इंदूरच्या दक्षिणेला महूजवळ जानापाव नावाची टेकडी आहे. चंबळ नदी तिथे उगम पावते. समजा, या टेकडीच्या माथ्यावर पावसाच्या दोन सरी पडल्या. उत्तर उतारावरची सर चंबळेत जाईल, चंबळेतून यमुनेत, यमुनेतून गंगेत आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळेल. दक्षिण उतारावरची सर ओढ्यानाल्यांतून नर्मदेत उतरेल आणि भरुचजवळ अरबी समुद्रात. नर्मदा इथून काही तासांच्या अंतरावर, पण माळव्याच्या बहुतेक नद्या तिच्याकडे पाठ फिरवून उत्तरेला निघतात. चंबळ, क्षिप्रा, बेतवा, सगळ्या उत्तरेला.

असं होतं, कारण विंध्याची उत्तरेची बाजू हलक्या उताराची आणि दक्षिणेची बाजू एकदम कड्याची आहे. जुना दुमजली वाडा डोळ्यांपुढे आणा. वरची माडी म्हणजे माळव्याचं पठार, समुद्रसपाटीपासून सरासरी पाचशे मीटर उंच. खालचं अंगण म्हणजे नर्मदेचं खोरं, निमाड. महेश्वरला नर्मदेचं पात्र दीडशे मीटरच्या आसपास. माडीवरून अंगणात जायचं तर जिनाच हवा, कठड्यावरून उडी मारता येत नाही. विंध्यातले घाट हे ते जिने. अंगण ओलांडलं की समोर सातपुड्याची भिंत. तिच्यातही दारं मोजकीच. सेंधव्याजवळचा बिजासन घाट हे एक, बऱ्हाणपूरजवळची खिंड हे दुसरं. यांतलं कुठलंही दार ओलांडलं की आपला खानदेश.

मुंबई-आग्रा रस्ता आजही हेच जिने वापरतो. धुळ्याहून शिरपूर, बिजासन घाटाने सेंधवा, खलघाटला नर्मदा, मग मानपूरचा घाट चढून महू आणि इंदूर. १८१८ मध्ये होळकरांशी मंदसौरचा तह झाल्यावर इंग्रजांनी छावणीसाठी जागा निवडली ती महूची, नेमकी जिन्याच्या वरच्या पायरीशी. याच छावणीत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. गावाचं अधिकृत नाव आता डॉ. आंबेडकर नगर आहे, आणि जन्मस्थळाच्या स्मारकावर एप्रिलमध्ये महाराष्ट्रातून माणसांची रीघ लागते.

३. पैठणहून विदिशेला चालत

या वाटेचं सगळ्यात जुनं वर्णन पाली भाषेतल्या ‘सुत्तनिपात’ या ग्रंथात सापडतं. गोदावरीकाठी राहणारा बावरी नावाचा ब्राह्मण आपल्या सोळा शिष्यांना बुद्धाच्या भेटीला पाठवतो, अशी ती कथा. शिष्य कुठून कुठून गेले त्या गावांची यादी तिथे दिली आहे: पैठण, माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी आणि पुढे श्रावस्ती. माहिष्मती म्हणजे आजचं महेश्वर असं बरेच अभ्यासक मानतात. कथा खरी की रचलेली हा मुद्दा सोडा. सांगणाऱ्याला ही गावं याच क्रमाने माहीत होती, म्हणजे वाट रुळलेली होती.

आता सांची बघा. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात पहिला स्तूप उभारला, तो या ओसाड टेकडीवर का? बुद्धाच्या आयुष्यातली कुठलीही घटना सांचीत घडलेली नाही. उत्तर दहा किलोमीटरवर आहे. विदिशा ही त्या काळची मोठी व्यापारी पेठ. परंपरेप्रमाणे अशोकाची पत्नी देवी विदिशेच्या व्यापाऱ्याची मुलगी होती. भिक्खूंना भिक्षेसाठी शहर जवळ हवं आणि ध्यानासाठी त्या शहराचा गलबला नको. दहा किलोमीटर हे दोन्हींना सोयीचं अंतर.

स्तूपाचा खर्च नुसत्या राजाने केला नाही, हे दगडच सांगतात. कठड्यांवर आणि फरसबंदीवर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत. त्यात व्यापारी आहेत, भिक्खू-भिक्खुणी आहेत, घरसंसार करणाऱ्या बायका आहेत, आणि कित्येकांच्या नावापुढे गाव लिहिलेलं आहे. उज्जैनचं नाव पुन्हा पुन्हा येतं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर किंवा पंख्यावर नाव घालतात, तीच हौस. दक्षिण तोरणावरचे दोन लेख तर थांबून बघावेत. एकात म्हटलंय की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंतकारांनी केलं. तोरणावरचं काम इतकं बारीक का, याचा उलगडा इथे होतो. हस्तिदंतावर चालणारा हात दगडावर चालला आहे. दुसरा लेख सांगतो की हे दान राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचं. सातकर्णी म्हणजे सातवाहन, पैठणचे. बावरीच्या शिष्यांची ती वाट इथे दगडात भेटते.

विदिशेजवळच बेसनगरला एक एकटा खांब उभा आहे. गावकरी त्याला खामबाबा म्हणत आणि पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर फासत. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७७ मध्ये तो पाहिला, पण शेंदराच्या थराखाली लेख आहे हे त्याच्याही लक्षात आलं नाही. १९०९ च्या सुमारास थर निघाला आणि कळलं की हा गरुडध्वज तक्षशिलेहून आलेल्या हेलिओडोरस नावाच्या ग्रीक वकिलाने वासुदेवासाठी उभारला आहे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस. तक्षशिलेचा ग्रीक राजा आपला वकील विदिशेला ठेवतो, यावरून त्या पेठेचं वजन कळतं. लेख इतका शाबूत का राहिला, तर शेंदरामुळे. ज्याने लपवला त्यानेच राखला.

मग सांची टिकली कशी? विदिशेची भरभराट ओसरली, भिक्खू गेले, टेकडीवर झाडं वाढली. १८१८ मध्ये जनरल टेलरने ती पाहिली तेव्हा मुख्य स्तूप बऱ्याच अंशी उभा होता. खरं नुकसान त्यानंतर झालं. आत खजिना असेल या आशेने १८२२ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने स्तूपाला भगदाड पाडलं. नीट डागडुजी झाली ती जॉन मार्शलच्या हातून, १९१२ ते १९१९ या काळात, आणि तिला भोपाळच्या बेगमांनी पैसा पुरवला. बौद्ध स्तूप, त्यासाठी मुसलमान राज्यकर्तीची थैली आणि इंग्रज पुरातत्त्वज्ञ.

सतना जिल्ह्यातला भरहुतचा स्तूप मात्र इतका नशीबवान नव्हता. कनिंगहॅम १८७३ मध्ये तिथे पोहोचला तोवर आसपासच्या गावांनी घरं बांधायला त्याचे दगड नेले होते. उरलेले कठडे आणि तोरण उचलून कोलकात्याच्या संग्रहालयात ठेवले. भरहुत बघायचं तर आज मध्य प्रदेशात नाही, कोलकात्याला जावं लागतं.

४. बऱ्हाणपूर: दख्खनेचं दार

मराठी प्रवासी ज्या गावावरून सर्रास पुढे निघून जातो आणि ज्यासाठी मी दोन दिवस तरी राखून ठेवायला सांगेन, ते बऱ्हाणपूर. भुसावळहून रेल्वेने तासाभरावर. तापीच्या उत्तर काठावर फारुकी सुलतानांनी वसवलेलं, बुऱ्हाणुद्दीन या सूफी संताच्या नावाचं. त्या संताची कबर खुलताबादला आहे. म्हणजे नावापासूनच हे गाव अर्धं आपलं.

बऱ्हाणपूरच्या उत्तरेला खिंडीवर पहारा देत आसीरगड बसला आहे. हा गड हातात असल्याशिवाय दख्खनेत उतरणाऱ्या फौजेची पाठ सुरक्षित नाही. अकबराने १६०१ मध्ये तो घेतला आणि तिथून पुढे शंभर वर्षं दख्खनच्या मोहिमांचं ठाणं म्हणजे बऱ्हाणपूर, असं समीकरण झालं. शहाजहान इथे मोहिमेवर असताना १६३१ मध्ये मुमताज महल बाळंतपणात वारली. तिला आधी तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत पुरलं आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. संभाजी महाराजांनी १६८१ च्या सुरुवातीला, राज्यावर आल्याआल्या, मराठ्यांची फौज नेली ती याच शहरावर. मोगलांचं नाक दाबायचं तर इथेच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण इथली बघायची खरी वस्तू जमिनीखाली आहे. तिचं नाव कुंडी भंडारा. लोक खुनी भंडाराही म्हणतात.

प्रश्न असा होता. एवढी छावणी, एवढे हत्ती-घोडे, कारवाने, विणकर. पाणी आणायचं कुठून? तापी खोल पात्रातून वाहते, तिचं पाणी वर चढवणं कष्टाचं. वेढा पडला तर नदीवरचा घाट आधी शत्रूच्या ताब्यात जाणार. सुभेदार होता अब्दुर रहीम खानखाना, म्हणजे ज्याचे दोहे आपण रहीमचे दोहे म्हणून ओळखतो तोच. त्याच्या काळात, १६१५ मध्ये, एका फारसी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याची जमीन तपासली आणि हिशेब मांडला. सातपुड्यावर पडलेला पाऊस मुरतो आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकतो. त्याला मध्येच अडवून शहराकडे वळवलं तर?

म्हणून त्यांनी असं केलं. शहरापेक्षा उंचावर, जिथे झरे लागतात तिथे, विहिरीसारखं एक उभं विवर खणलं. मग शहराच्या दिशेने थोड्या थोड्या अंतरावर तशीच विवरं, एका ओळीत. ही झाली कुंडी. आणि तळाशी सगळ्या कुंड्या एका बोगद्याने जोडल्या. बोगद्याला अगदी थोडा उतार. पाणी भिंतींतून पाझरून बोगद्यात येतं आणि उताराने आपसूक शहराकडे चालू लागतं. ना मोट, ना रहाट, ना बैल. कुंड्यांचं काम दुहेरी: खणताना माती वर काढायला वाट आणि नंतर हवा खेळायला. पाणी जमिनीखालून जात असल्याने उन्हाने आटत नाही, आणि शत्रूला बोगदा दिसतही नाही. कुंडी भंडाऱ्यातच अशा शंभरावर कुंड्या आहेत. वरून बघितलं तर शेतांमधून विहिरींच्या कठड्यांची एक सरळ रांग गेलेली दिसते. चारशे वर्षांत झिरपणाऱ्या पाण्यातल्या चुन्याने बोगद्याच्या भिंतींवर पांढरट थर चढवला आहे.

औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. मलिक अंबरने खडकीत, म्हणजे याच शहरात, बांधलेली नहर-ए-अंबरी हीच युक्ती वापरते आणि तीही त्याच दशकातली. गंमत अशी की खानखाना आणि मलिक अंबर हे एकमेकांचे शत्रू. एक बऱ्हाणपूरहून दख्खन जिंकायला बघत होता, दुसरा ती राखत होता. रणांगणावर जुळलं नाही, पण तहान भागवायच्या तंत्रात दोघांचं एकमत होतं.

बऱ्हाणपूरला गेलात तर मावा जिलेबी खायची. गडद, जाड आणि पोट भरणारी. एकीने भागतं.

५. मांडू: जिन्याच्या वरच्या पायरीवर

धारहून मांडूला जाताना रस्ता पठारावरून चालत राहतो आणि अचानक एक खोल दरी आडवी येते, काकडा खोह. मांडूचं पठार या दरीने माळव्यापासून तोडलेलं आहे. दक्षिणेला रूपमतीच्या सज्ज्यावर उभं राहिलं की खाली सगळं निमाड पसरलेलं आणि हवा स्वच्छ असेल तर नर्मदेची रेघ. जिन्यावरून कोण चढतंय आणि कोण उतरतंय हे बघायला याहून चांगली जागा नाही. माळव्याचा सुलतान होशंगशहाने पंधराव्या शतकात धारहून राजधानी इथे आणली, त्यामागे हीच नजर होती.

मांडूला नदी नाही. जे पाणी मिळायचं ते आभाळातूनच. त्यामुळे इथल्या सुलतानांच्या इमारती मला महालापेक्षा पाणी साठवायची यंत्रं जास्त वाटतात. जहाज महाल दोन तळ्यांच्या मध्ये बांधला आहे, लांबी सुमारे १२० मीटर, रुंदी अगदी कमी. गच्चीवर दगडात कोरलेली पाण्याची पन्हळ बघा. ती सरळ जात नाही, गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी घेत जाते. पाण्याचा वेग मंदावतो, गाळ पन्हळीतच बसतो आणि हौदात नितळ पाणी उतरतं. बांधणारा गियासुद्दीन खिलजी हा खाण्यापिण्याचा शौकीन. त्याच्या मुदपाकखान्याचं ‘निमतनामा’ हे सचित्र पुस्तक आज लंडनमध्ये आहे.

१५६१ मध्ये अकबराच्या फौजेने माळव्याचा सुलतान बाजबहादूर याचा पराभव केला. त्याची आणि रूपमतीची गोष्ट गाइड तुम्हाला सांगेलच, न विचारता. मांडू रिकामं का झालं, हे मात्र तो सांगत नाही. माळव्याचं राज्य स्वतंत्र होतं तोवर जिन्यावरची ही जागा राजधानीला योग्य होती. आग्र्याहून हुकूम चालू लागल्यावर माळवा सुभा झाला, उज्जैन त्याचं ठाणं झालं आणि मांडू नुसती चौकी उरली. जहांगीर १६१७ मध्ये काही महिने येऊन राहिला, त्याने डागडुजीही करून घेतली, पण वस्ती परतली नाही. म्हणून पंधराव्या शतकातलं एक अख्खं राजधानीचं गाव, वर नवी भर न पडता, तसंच राहिलं. मधूनमधून बाओबाबची जाडजूड झाडं दिसतील. ती आफ्रिकेतली, त्यांना इथे खुरासानी इमली म्हणतात आणि फोडलेलं फळ रस्त्याकडेला विकायला असतं.

६. आडवाटेचे चार मुक्काम

आता वाट सोडू.

खजुराहोची देवळं चंदेल राजांनी साधारण इसवी सन ९५० ते १०५० या शंभर वर्षांत बांधली. पंचाऐंशी होती असं परंपरा सांगते, उरली वीस-पंचवीस. चंदेलांचे किल्ले, शहरं आणि लढाया दुसरीकडे होत्या. महोबा आणि कालिंजर आज उत्तर प्रदेशात आहेत. हल्ले त्यांच्यावर झाले, खजुराहो बाजूला राहिलं. इब्न बतूताने चौदाव्या शतकात ही देवळं आणि तिथले जटाधारी जोगी पाहिले होते. पुढे जंगल वाढलं. १८३८ मध्ये कॅप्टन बर्ट या इंग्रज अभियंत्याला पालखीच्या भोयांकडून कळलं आणि तो वाट वाकडी करून तिथे गेला. म्हणजे स्थानिकांना देवळं ठाऊक होतीच, हरवली होती ती बाहेरच्यांसाठी. रेल्वे तर तिथे २००८ मध्ये पोहोचली. मैथुनशिल्पं एकूण शिल्पांत थोडीच आहेत. गाइड त्यांच्यापाशी रेंगाळतात, पण कंदारिया महादेवाचं शिखर दूरवरून बघावं, लहान शिखरांवर लहान शिखरं चढत एकतीस मीटरांपर्यंत जाणारं.

ओरछा ही बुंदेल्यांची राजधानी, बेतवेच्या काठी १५३१ मध्ये वसवलेली. १७८३ मध्ये राजधानी टीकमगडला हलली आणि ओरछा जागच्या जागी थबकलं. इथे राम देव म्हणून नव्हे, राजा म्हणून बसतो, त्याला पोलीस मानवंदना देतात, आणि त्याचं देऊळ म्हणजे राणीचा महाल. मूर्तीसाठी बांधलेलं भव्य चतुर्भुज मंदिर समोरच आहे, पण मूर्ती महालातून हलली नाही, अशी कथा. नदीकाठच्या छत्र्यांच्या कोनाड्यांत गिधाडं घरटी करतात. गिधाडं दुर्मीळ झालेल्या या काळात ती तिथे बघून बरं वाटतं.

भोजपूर भोपाळपासून तासाभरावर. परमार राजा भोजाचं अकराव्या शतकातलं हे शिवमंदिर अपुरं राहिलं, आणि म्हणूनच ते जास्त बोलकं आहे. एवढे अवजड दगड शिखरापर्यंत चढवले कसे, हा प्रश्न प्रत्येक जुन्या देवळापाशी पडतो. भोजपूरला उत्तर जागेवर पडून आहे: देवळामागे मातीचा लांब उतार अजून तसाच आहे, ज्यावरून दगड ओढत वर नेत. काम पूर्ण झालं असतं तर उतार काढून टाकला असता. आसपासच्या खडकांवर खांबांचे, भिंतींचे आराखडे रेघांनी कोरलेले दिसतात. अभियंत्याचा कागदच तो.

भीमबेटका मात्र माझ्या सिद्धांताला थोडा धक्का देतं. ते भोपाळ-इटारसी रेल्वेमार्गावरून दिसतं, भोपाळहून पंचेचाळीस किलोमीटर. इतकं वाटेवर असूनही अभ्यासकांच्या नजरेतून सुटलं. नीमचला जन्मलेले उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये गाडीतून जाताना त्या खडकांचा आकार हेरला, आणि मग पायी तिथे जाऊन सातशेवर शैलाश्रयांचा हा खजिना उजेडात आणला. इथली चित्रं एकावर एक काढलेली आहेत. खालच्या थरात रानरेडे आणि हरणं, वरच्या थरात घोडेस्वार आणि हत्ती. एकच भिंत हजारो वर्षं वापरात होती. तेव्हा आडवाट मैलांवर मोजू नये. जिथे जायला कुणाला कारण नव्हतं ती आडवाट.

कान्हा आणि बांधवगडची पूर्वेकडची जंगलंही याच हिशेबात बसतात. गोंडांच्या या मुलखातून दिल्ली-दख्खनची मुख्य वाट जात नव्हती. मोगल फौज तिथे शिरली ती १५६४ मध्ये, राणी दुर्गावतीवर चालून जाताना. कान्हाला लोक वाघासाठी जातात, पण मी बारशिंगा बघायला सांगेन. कठीण जमिनीवर वावरणारी ही जात १९७० मध्ये अवघी ६६ उरली होती. कुंपणाआड सांभाळून, गवताळ कुरणं वाढवून ती पुन्हा शेकड्यांत नेली.

७. जिना उलटा चढलेले

शतकानुशतकं फौजा उत्तरेकडून खाली उतरत होत्या. अठराव्या शतकात मराठे तोच जिना खालून वर चढले. नोव्हेंबर १७२८ मध्ये चिमाजी अप्पांनी धारजवळ अमझेऱ्याला मोगल सुभेदाराचा पराभव केला. पुढच्याच वर्षी बाजीराव बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला धावले. १७३७ च्या अखेरीस निजामाला भोपाळला कोंडलं आणि १७३८ च्या जानेवारीत दोराह्याच्या तहाने नर्मदा ते चंबळ हा मुलूख मराठ्यांकडे आला. बाजीरावांचा मृत्यू झाला तोही नर्मदेच्या उतारावर, रावेरखेडीला, २८ एप्रिल १७४० रोजी. समाधी साधी आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी ती चुकवू नये.

पुढे ग्वाल्हेर शिंद्यांकडे, इंदूर होळकरांकडे, धार आणि देवास पवारांकडे गेलं. चौंडीच्या अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केलं ते महेश्वरहून, म्हणजे नदीच्या उताराशी बसून. त्यांचा वाडा लाकडी खांबांचा, ओसरीचा, एखाद्या मोठ्या मराठी घरासारखा. ग्वाल्हेरच्या जयविलास महालातली अवजड झुंबरं बघून आल्यावर इथे आलात तर फरक चांगला कळतो. घाटाच्या पायऱ्यांवरची नक्षी महेश्वरी साडीच्या काठात उतरली आहे. मागावर काम चालू असताना कारागिराला विचारलं तर तो कुठला काठ कुठल्या भिंतीवरचा ते बोट करून दाखवतो. उज्जैनच्या महाकालाचं आजचं देऊळ राणोजी शिंद्यांच्या दिवाणांनी उभारलेलं. आणि ग्वाल्हेरहून महाराष्ट्रात आली ती ख्यालगायकी, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांबरोबर.

८. हे एक राज्य झालं कसं?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चार तुकडे जोडून आजचा मध्य प्रदेश तयार झाला. पहिला मध्य भारत, म्हणजे शिंदे-होळकर-पवारांचा मुलूख. दुसरा विंध्य प्रदेश, रेवा आणि बुंदेलखंडातली संस्थानं. तिसरं भोपाळ. चौथा जुन्या मध्य प्रांताचा हिंदी भाग, ज्याची राजधानी आपलं नागपूर होती. त्या प्रांतातले विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याकडे गेले. ग्वाल्हेर, इंदूर, जबलपूर तिघांनाही राजधानी हवी होती. मिळाली भोपाळला, उच्च न्यायालय जबलपूरला गेलं. २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं. अशा जोडलेल्या राज्याचं एकच चित्र कसं असेल?

सरकारी रेघ ओढल्याने जुन्या वाटा मात्र मोडत नाहीत. नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या नागद्वारच्या यात्रेला जाणाऱ्यांत विदर्भातली माणसं मोठ्या संख्येने असतात. महाशिवरात्रीला चौरागडच्या हजारावर पायऱ्या चढून खांद्यावरून त्रिशूळ नेणाऱ्यांतही असतात. त्यांना आपण परराज्यात जातोय असं वाटत नाही. महादेवाला जातोय, एवढंच ते म्हणतात.

९. मग जायचं कसं?

सगळं एका फेरीत करू नका. राज्याचे तुकडे आहेत तसेच सहलीचेही करा. पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेशातून निघणाऱ्यांनी बऱ्हाणपूर, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू, इंदूर, उज्जैन हा जिन्याचा मार्ग धरावा. भोपाळला मुक्काम ठोकला की सांची, विदिशा, भोजपूर, भीमबेटका हे सगळं रोज रात्री परतून होतं. ग्वाल्हेर, ओरछा, खजुराहोला झाशीमार्गे जा आणि ही फेरी हिवाळ्यातच करा. नागपूरकरांना पेंच, कान्हा, पचमढी आणि जबलपूरजवळची भेडाघाटची संगमरवरी खिंड आपल्याच अंगणात आहेत. जंगलांचा मुख्य भाग जुलै ते सप्टेंबर बंद असतो. मांडूला मात्र नेमकं तेव्हाच जावं, तळी भरलेली असतात आणि गच्चीवरच्या त्या वेटोळ्या पन्हळीतून पाणी वाहताना दिसतं.